वजरी धुणार कोण? लष्करातल्या एका खानावळीचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूच्या एका गल्लीत, पाटी नसलेली एक मराठी खानावळ आहे. चालवतात काकू, त्यांचा मुलगा आणि सून. जेवायला येतात ती बदलीवर आलेली बँकेतली माणसं, मेडिकलची आणि कोचिंगची पोरं. शिवाय आसपासच्या जुन्या वाड्यांत एकेकटी उरलेली म्हातारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे डबा जातो. रविवारी मटण आणि बुधवारी वजरी, म्हणजे बोकडाचा धुतलेला कोथळा आणि आतडी, हा इथला जुना शिरस्ता. बुधवारची थाळी रविवारच्या निम्म्या पैशांत मिळायची, त्यामुळे महिनाअखेरीला बुधवारीच गर्दी जास्त. २०२३च्या डिसेंबरात वजरी बंद पडली. पुढचा उन्हाळा आला तरी ती ताटात नव्हती, आणि परत आली तेव्हा तिचा भावही बदलला होता आणि तिच्यासोबत काय-काय शिजतं तेही.

मी इथल्याच एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवते. अवयवमांस लोकांच्या ताटातून का जातं, असं वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: वास येतो, किळस वाटते, नवी पिढी खात नाही. म्हणून हे प्रकरण मला उपयोगी पडतं. इथे खाणारे होते, पैसे टाकायला तयार होते, आणि पाचशे पावलांवर रोज बोकड कापले जात होते. तरीही वजरी मिळेना.

एका बोकडाचा हिशेब

२५ किलोचा जिवंत बोकड कापला की दुकानाच्या आकड्याला अकरा-बारा किलो मटण लटकतं. बाकीच्यात कातडं, रक्त आणि पोटातला चारा सोडला तर खाण्याजोगं बरंच उरतं. काळीज (म्हणजे यकृत) साधारण अर्धा किलो, फुप्फुसं पाव किलोहून थोडी जास्त, दिल (हृदय) शंभरेक ग्रॅम, दोन्ही गुर्दे (मूत्रपिंडं) मिळून त्याहून कमी, तिल्ली (प्लीहा) जेमतेम पन्नास ग्रॅम, भेजा शंभराच्या आत. मुंडी दीड किलोची, पण त्यात हाड बरंच. पायांचंही तेच. आणि कोथळा-आतडी: भरलेली असताना चार-पाच किलो, रिकामी करून, धुऊन, खरवडून दीड ते दोन किलो. हे सगळे ढोबळ आकडे आहेत, जनावरागणिक बदलतात. पण बिनहाडाचं खाणं बघितलं तर मटणाच्या खालोखाल वाटा वजरीचाच.

यातलं प्रत्येक अंग वेगळ्या वाटेने जातं. काळीज सकाळी दहाच्या आत संपतं, तेही मटणाच्याच भावाने. गुर्दे आणि दिल त्याच पुडीत बांधून जातात. भेजा नगावर विकला जातो. मुंडी आणि पाये भाजून देणारे वेगळे लोक आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली. शेवटी दुकानदाराच्या पाटीत उरतात वजरी, फुप्फुसं आणि तिल्ली.

चंबळच्या या पट्ट्यात बकऱ्यांची वानवा नाही. २०१९च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १ कोटी १० लाख बकऱ्या मोजल्या गेल्या, आणि यमुना-चंबळच्या बीहडातली जमनापारी जात तर देशभर माहीत आहे. पण यातला मोठा माल जिवंत निघून जातो. ट्रक दिल्लीला जातात, बकरी ईदच्या आधी मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यापर्यंत जातात. मटणाचा भाव शेतकऱ्याला इथे मिळतो, मात्र त्या जनावराचं काळीज आणि वजरी खाणारे दुसऱ्या शहरातले असतात. इथल्या लोकांच्या वाट्याला येतं ते फक्त इथेच कापलेल्या जनावरांचं. त्याची नोंदही कुठे होत नाही. घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत मटणाची ओळ असते, कोंबडीची असते, माशांची असते. वजरी-काळजाची वेगळी ओळ नसते. एखाद्या शहरातून वजरी नाहीशी झाली तर कुठल्याही तक्त्यात खड्डा पडत नाही.

  

मौसी

दुकानापासून थोड्या अंतरावर, नाल्याच्या कठड्याला टेकून, एक बाई संध्याकाळी घमेलं घेऊन बसायची. सगळे तिला मौसी म्हणत. आजूबाजूच्या दुकानांतली वजरी ती सकाळी उचलायची आणि संध्याकाळी धुतलेली, कापलेली, हळद लावलेली विकायची. काकूंची बुधवारची वजरी तिच्याकडूनच यायची. काकू ती कुकरला लावून सात-आठ शिट्ट्या काढायच्या, मग सरसूच्या तेलात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला. सरसूचं तेल ऐकून पुण्याची माणसं दचकतात. आमच्याकडे चार पिढ्या तेच आहे.

सकाळ ते संध्याकाळ या मधल्या वेळात मौसी काय करायची, ते मी नंतर नीट पाहिलं. कोथळा चिरून चारा काढून टाकायचा आणि वाहत्या पाण्यात धुवायचा. मग गरम पाण्यात बुडवायचा, पण पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्यात आतलं काळं अस्तर घट्ट बसतं आणि मग तासभर खरवडलं तरी निघत नाही. हात जेमतेम क्षणभर टिकेल इतकं गरम पाणी, वर चुना चोळायचा, आणि सुरीच्या बोथट बाजूने खरवडायचं. खालून टॉवेलसारखं पांढरं निघतं. लहान आतडी बारीक काडीवर उलटी करायची, नाहीतर नळाला लावून आतून पाणी सोडायचं. मीठ, हळद, पुन्हा पाणी. एका बोकडाला चार-पाच बादल्या पाणी आणि पाऊण तास, तोही सरावलेल्या हाताचा.

आणि हे सगळं घाईने. कोथळ्यात जंतूंचा साठा आधीच असतो. स्नायूंचं मांस सावलीत काही तास तग धरतं, तसं आतड्याचं नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा सकाळी कापलेल्या बोकडाची वजरी उन्हं चढायच्या आत धुतली गेली नाही तर ती खाण्याची राहत नाही.

मौसीच्या या श्रमांना किंमत अशी नव्हतीच. वजरी तिला फुकट मिळायची, कारण दुकानदाराला ती उचलून नेणारं कोणी हवंच होतं. विकून येईल ते तिचं. बुधवारची थाळी स्वस्त होती ती यामुळे. जेवणाऱ्यांना वाटायचं, वजरी ही चीजच स्वस्त.

जुन्या मराठा घराण्यांतही वेगळं काही नव्हतं. दसऱ्याच्या बोकडाची वजरी वाड्यात आवडीने खाल्ली जायची, असं वाड्यांतली म्हातारी माणसं सांगतात. ती धुवायची कोणी, हे विचारल्यावर थोडं थांबून उत्तर येतं: "ती माणसं होती की." १९५१ मध्ये मध्य भारतात जहागिऱ्या रद्द करण्याचा कायदा झाला, उत्पन्न आटलं, माणसं गेली. आणि मग याच वाड्यांत "आमच्यात वजरी खात नाहीत" हे वाक्य तयार झालं. आतडी धुण्याचं काम गावगाड्यात कोणाच्या वाट्याला टाकलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनाच कसं हिणवलं गेलं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. लष्करात तोच हिशेब हिंदी बोलत राहिला.

डिसेंबर २०२३

१३ डिसेंबर २०२३ रोजी मध्य प्रदेशात नवे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी शपथ घेतली आणि पहिल्याच आदेशांत उघड्यावर, विनापरवाना मांस-मासळी विकण्यावर बंदी आणली. पथकं फिरू लागली. दुकानदारांनी काचा लावल्या, पडदे टांगले, परवाने भिंतीवर आणले. मौसीकडे लावायला काचच नव्हती. ती उठली.

आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मौसीची जागा खरोखर घाण होती. शेजारी नाला, वर माश्या, धुतलेल्या पाण्याचा ओघळ रस्त्यावर. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने तिथे बसून वजरी विकणं समर्थनीय नव्हतं. पण मौसी फक्त विकत नव्हती. तिची विक्री संध्याकाळच्या दोन तासांची, आणि धुणं दिवसभराचं. नियमाने पाहिली ती विक्री. धुण्याची पायरी दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाणार आहे का, आणि गेली तर त्याच्याकडे पाणी आणि जागा आहे का, हे विचारायला कोणी नव्हतं. मोठ्या कत्तलखान्यात आतडी रिकामी करून धुवायला वेगळी जागा असते. गल्लीतल्या दुकानात ती कशी असणार?

काकूंनी दुकानदाराला विचारलं तेव्हा त्याने हात जोडले: "काकीजी, ओझड़ी मुफ़्त ले जाओ, बस धोने को मत कहना।"

घरात आली ती वजरी

काकूंनी ती नेली. दोन बुधवार घरामागच्या मोरीत त्यांनी आणि मुलाने मिळून धुतली. मोरी तुंबली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी तक्रार केली. सुनेला तिसरा महिना होता, वासाने तिला भडभडायचं. मदतीला ये म्हटल्यावर ती सरळ नाही म्हणाली.

"अगं, आमच्या वेळी असं नाजूकपण नव्हतं," काकू म्हणाल्या.

"आई, तुमच्या वेळीही मौसीच धुवायची."

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते असायचंही कारण नाही. सुनेचा नकार वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर होता. गर्भारपणात कच्च्या आतड्यांत हात घालू नये. साल्मोनेला आहे, टोक्सोप्लाझ्मा आहे, आणि बकऱ्यांमधून माणसाला होणारा ब्रुसेलाही आहे. शिजल्यावर हे सगळे मरतात, पण धोका शिजवण्याआधीच्या हातांना असतो.

याच सुमारास सुनेचं हिमोग्लोबिन ९ च्या घरात आलं आणि मूळ प्रकरणाला दुसरा फाटा फुटला. गर्भारपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. काकूंनी तत्काळ उपाय ठरवला: रोज कलेजी. त्यांच्या आईला डॉक्टरांनी काळजाच्या अर्काची इंजेक्शनं दिली होती, हे त्यांना आठवत होतं. ही श्रद्धा हवेतून आलेली नाही. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी एका जीवघेण्या रक्तक्षयाचे रोगी रोज भरपूर काळीज खाऊ घालून बरे केले. १९३४चं नोबेल त्यांना आणि व्हिपल यांना त्यासाठीच मिळालं. त्या काळजात गुण कशाचा होता ते १९४८ मध्ये, बी-१२ वेगळं केल्यावर कळलं. दरम्यान मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांमधल्या गर्भारपणातल्या रक्तक्षयावर लूसी विल्स यांनी काम केलं, त्यातून पुढे फॉलिक आम्लापर्यंत वाट गेली. म्हणजे काळजाची कीर्ती मुख्यतः जीवनसत्त्वांची आहे. आपण ती लोहाच्या खात्यावर लिहितो.

लोह काळजात आहेच. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात कोकराच्या १०० ग्रॅम कच्च्या काळजात साधारण ७ मिलिग्रॅम लोह दिलं आहे, साध्या मांसात दोनच्या आत. पण त्याच १०० ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्व ७,००० मायक्रोग्रॅमच्या वर आहे, आणि गर्भारपणात रोजची वरची मर्यादा धरतात ३,०००. पहिल्या तिमाहीत हे जास्त झालं तर गर्भाला अपाय होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून गरोदर स्त्रियांना काळीज टाळायलाच सांगतात. रोज कलेजी ही कल्पना त्यामुळे तिथेच थांबवावी लागली. सुनेला सरकारी कार्यक्रमातली गोळी सुरू झाली. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. कुठलंही अवयवमांस या गोळीची जागा घेत नाही, आणि हे काकूंना पटायला गोळीपेक्षा जास्त दिवस लागले.

पण तक्ता उघडलाच होता तर आणखी दोन ओळी दिसल्या. फुप्फुसात लोह ६ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे जवळजवळ काळजाइतकं, आणि अ जीवनसत्त्व नगण्य. तिल्लीत तर लोह ४० च्या आसपास. जी दोन अंगं दुकानदार फेकत होता, त्यातलं एक गर्भार बाईला काळजापेक्षा बरं होतं, आणि दुसरं लोहात सगळ्यांच्या वर. अमेरिकेत १९७१ पासून जनावराचं फुप्फुस माणसाच्या खाण्यासाठी विकता येत नाही. ते तिथलं. आपल्याकडे बंदी नाही, नुसती अनास्था आहे. स्पंजासारखं लागतं म्हणून कोणी मागत नाही.

वजरीची ओळ मात्र निराशा करते. १०० ग्रॅमला प्रथिनं बाराएक ग्रॅम, लोह एकाच्याही खाली. वजरीला "रक्तवाढीसाठी उत्तम" म्हणून विकणारे लेख फिरत असतात, त्यांत तथ्य नाही. वजरी स्वस्तात मिळणारं, मऊ शिजणारं, पोटभरीचं मांस आहे. तिची बाजू लोहावर लढवायची नाही.

मुलाने काढलेला तोडगा

जानेवारीपासून बुधवारी ताटात पोटा-कलेजी येऊ लागली, म्हणजे ब्रॉयलर कोंबडीची काळजं आणि पेटे (पोटातल्या जाड, चिवट पिशव्या). मुलाचा हिशेब सरळ होता. कोंबडीवाल्याच्या दुकानात परवाना आहे, काच आहे, फ्रिज आहे, आणि पेट्याचं पिवळं अस्तर तो स्वतः ओढून काढून देतो. घरी धुण्याचं काम जवळपास शून्य. भावही परवडणारा. पोरांनी तक्रार केली नाही. उलट काहींनी रविवारीही मागितली.

इथे वर्गात पोरी गोंधळतात, आणि गोंधळावंच. आहारशास्त्राच्या कसोटीवर ही अदलाबदल वाईट नाहीच. कोंबडीच्या काळजात १०० ग्रॅमला ९ मिलिग्रॅम लोह, वजरीच्या कित्येक पट. रक्तक्षयाने गांजलेल्या राज्यात ही चांगलीच गोष्ट म्हटली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत आणि पाच वर्षांखालच्या दर दहांतल्या सात मुलांत रक्तक्षय आढळला होता. मग गेलं काय?

एक तर डबेवाली म्हातारी मंडळी गेली. पेटा चावायला दात लागतात. कुकरमधून निघालेली वजरी हिरड्यांनीही खाता येते. त्यातल्या काहींनी बुधवारचा डबाच बंद केला, आणि ज्या वयात प्रथिनांची सगळ्यांत जास्त आबाळ होते त्या वयाचे हे लोक. दुसरी मौसी, जिचं उत्पन्न एका आठवड्यात थांबलं. आणि तिसरी गोष्ट खानावळीच्या बाहेरची: फेकलेली वजरी, फुप्फुसं, तिल्ली जात कुठे होती?

काही कचरागाडीत, काही रात्री नाल्यात. नाल्यावर कुत्री. कुत्र्याच्या आतड्यात एक इवलीशी पट्टकृमी राहते, एकिनोकॉकस. तिची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात जातात. बकरी ती खाते आणि तिच्या काळजात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्या गाठींचं काळीज कुत्र्याने कच्चं खाल्लं की दीड महिन्यात त्याच्या विष्ठेत पुन्हा अंडी. माणूस मध्ये सापडला तर त्याच्याही काळजात तशीच गाठ, आणि ती काढायला शस्त्रक्रिया. माणसाला हा रोग गाठीचं मांस खाऊन होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे होतो. म्हणून वजरी-फुप्फुस माणसांनी खाणं बंद केलं की धोका घटतो, असं होत नाही. ती कुत्र्यांकडे वळली तर वाढतो. स्वच्छतेसाठी उचललेल्या पावलाचा हा परिणाम कोणी मोजला असेल असं वाटत नाही.

दुकानामागची जागा

तोडगा शेवटी निघाला तो दुकानदाराच्या गरजेतून. उन्हाळा सुरू झाला, पाटीत पडलेल्या आतड्यांना दुपारपर्यंत वास सुटू लागला आणि परवाना भिंतीवर असताना असा वास परवडणारा नव्हता. दुकानामागे त्याची एक जागा होती आणि तिथे स्वतःचं बोअर. काकूंच्या मुलाने हिशेब मांडला: मौसीला तिथे बसव, नगावर मजुरी दे, आणि धुतलेली वजरी मी ठरल्या भावाने बुधवारी उचलतो. दुकानदार आधी नाही म्हणाला. मौसीला मजुरी द्यायची कशाची, आजवर तर तीच फुकट न्यायची! मग त्याने कचऱ्याचा, वासाचा आणि पथकाच्या धास्तीचा खर्च मनात लावला असावा.

सिमेंटचा ओटा, दोन मोऱ्या, जाळी लावलेली नाली, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप. वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीसाठी त्या वेळी अन्नसुरक्षा खात्याची साधी नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये. मौसीच्या नावाने ती झाली. कोथळ्यातला चारा पूर्वी नाल्यात जायचा, तो आता एक माळी खतासाठी नेतो. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू होतं आणि नऊच्या आत वजरी फ्रिजमध्ये.

काळीज आणि फुप्फुस कापण्याआधी बोटांनी दाबून बघायचं, हेही ठरलं. पाण्याची गाठ लागली तर तो अवयव वेगळा, चुन्यासकट खोल पुरायचा, कुत्र्याला कदापि नाही. काळजातल्या पित्तनळ्या जाड, कडक लागल्या तर ती यकृतकृमीची खूण, ते काळीजही बाद. मौसीला यातलं बरंच आधीच माहीत होतं. पूर्वी ती असं काळीज बाजूला टाकायची, फक्त ते पडायचं कुत्र्यांपुढेच.

काकूंनी एक अट घातली आणि तिच्यात मला या प्रकरणातली सगळ्यांत मोठी शहाणी गोष्ट दिसते. वजरीसोबत फुप्फुस आणि तिल्ली आलीच पाहिजे, वेगळी मोजायची नाही. फुप्फुस आधी उकडून, दाबून पाणी काढून, बारीक चिरून त्या वजरीच्या रश्श्यात घालतात. तिल्ली खिम्यासारखी ठेचून मसाल्यातच परततात, ती रस्सा दाट करते. ताटात कोणाला वेगळं काही दिसत नाही. मागितलं असतं तर फुप्फुस कोणीच मागितलं नसतं. सातव्या महिन्यात सून हाच रस्सा खात होती, नीट शिजलेला आणि गोळीच्या जोडीला, आणि प्रसूतीच्या आधी तिचं हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. श्रेय गोळीचं. काकू आजही ते रश्श्याला देतात आणि मी वाद घालत नाही.

भाव मात्र वाढला. बुधवारची थाळी पूर्वी रविवारच्या निम्म्यात यायची, आता जवळपास दोन-तृतीयांशात. पोरं कुरकुरतात. "काकू, वजरीला एवढे?" काकू वहीत दाखवतात: मौसीची मजुरी, गॅस, चुना, पाणी. वाढलेला भाव हा त्या चार ओळींचा आहे, वजरीचा नाही. म्हाताऱ्यांच्या डब्याचा भाव त्यांनी जुनाच ठेवला. तो तोटा रविवारच्या मटणातून भरतात, असं त्यांचा मुलगा जरा वैतागून सांगतो.

शहराच्या मुरार भागातल्या एका दुकानदाराने ही व्यवस्था येऊन पाहिली. जागा त्याच्याकडेही आहे, बोअर नाही. शहराचं पाणी तिघऱ्याच्या धरणातून येतं.  पाऊस कमी झाला की याच धरणाचं पाणी एक दिवसाआड मिळतं. बोकड मात्र रोज कापला जातो, आणि त्याच्या वजरीला त्याच सकाळी चार-पाच बादल्या पाणी लागतं. टँकर लावून बघितला तर धुतलेली वजरी पोटा-कलेजीपेक्षा महाग पडत होती. त्याने तो विचार सोडला, आणि त्याच्याकडची वजरी अजून कचरागाडीतच जाते.